आई पहिल्यांदाच एकटी शिकागोला निघाली आहे, विमानातले पंधरा तास तिला सोपे कसे जातील?

यवतेश्वर | १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

माझी आई ४ ऑक्टोबरला पहाटे सव्वाचारच्या विमानाने मुंबईहून शिकागोला निघते आहे. वय ६९. बहिणीचं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. बाबा असते तर दोघं गेले असते. ते जाऊन तीन वर्षं झाली आणि मला इतकी रजा मिळत नाही, म्हणून ती एकटीच. मुंबई ते दोहा चार तासांच्या आत, तिथे तीन तास थांबायचं, मग दोहा ते शिकागो जवळपास पंधरा तास एका बैठकीत. आजवरचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे मुंबई ते वाराणसी रेल्वेचा, तोही वीस बायकांच्या सोबतीने. विमानात ती कधी बसलेली नाही.

साखरेच्या गोळ्या चालू आहेत (इन्शुलिन नाही), रक्तदाबाची एक गोळी सकाळी सातला, आणि उजवा गुडघा दुखतो. शाकाहारी आहे. रोज साडीच नेसते, ड्रेस कधी घातलेला नाही. हिंदी बोलते, इंग्रजी पाट्या सावकाश वाचते.

व्हिसा, विमा, कागदपत्रं सगळं झालं आहे. मला काळजी आहे ती त्या पंधरा तासांची. परवा भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "तू घोर करू नकोस. मी आदल्या दुपारपासूनच पाणी तोडते, म्हणजे उठायला लागणार नाही." आयुष्यभर एसटीत तिने हेच केलं आहे. सातारा-पंढरपूर असो की सातारा-सोलापूर, स्टँडवरची स्वच्छतागृहं नकोत म्हणून घरातून निघाल्यावर घोटभरही पाणी नाही. हे विमानात चालणार नाही एवढं मला कळतं, पण तिला काय आणि कसं सांगू?

सीट कुठली घ्यावी, कपडे काय, खायला काय द्यावं, पाय सुजू नयेत म्हणून काय करावं, ज्यांनी स्वतःच्या आईवडिलांना असं पाठवलं आहे त्यांनी कृपया सांगा. छोटी गोष्टही चालेल.

मिशिगनकर | १२ सप्टेंबर, रात्री ११.०५

सीट आजच निवडून ठेवा, पैसे पडले तरी. लांबच्या विमानात एका ओळीत ३-४-३ किंवा ३-३-३ अशी मांडणी असते. खिडकी अजिबात नको, दर वेळी दोघांना उठवायचं म्हणून माणूस उठतच नाही. खिडकीकडच्या तिनातली कडेची सीटही नको, कारण आतले दोघं आईंना उठवत राहतील. मधल्या गटातली कडेची सीट घ्या. मधल्या चारात शेजाऱ्याच्या पलीकडचा माणूस त्याच्या बाजूने उतरतो, त्यामुळे आईंना फार तर एकासाठी पाय घ्यावे लागतात.

सगळ्यात पुढची भिंतीसमोरची ओळ मोकळी दिसते म्हणून घेऊ नका. तिथे पायाशी पर्स ठेवू देत नाहीत, ती वरच्या कप्प्यात जाते. शिवाय पाळणे तिथेच लावतात, रात्रभर बाळं रडतात. संडासाजवळची ओळही नको. आणि गुडघा दुखतो म्हणून एक्झिटच्या दाराजवळची ऐसपैस सीट मागू नका, मदत लागणाऱ्या प्रवाशाला ती देत नाहीत.

जेवण: तिकिटात 'एव्हीएमएल' म्हणून घाला, ते आपलं मसाल्याचं शाकाहारी. डायबेटिक जेवणाचा कोड वेगळा आहे, 'डीबीएमएल', पण त्यात मांसाहार असू शकतो आणि दोन्ही कोड एकत्र घेता येत नाहीत. आईंसाठी एव्हीएमएलच, त्यातलं गोड बाजूला ठेवायचं. दोन्ही विमानांना वेगवेगळं नोंदवलं गेलंय ना ते तपासा. हे काम प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत ठेवू नका.

शिवणवर्ग | १३ सप्टेंबर, सकाळी ६.३०

तुमच्या आईंचं ते पाणी तोडण्याचं वाक्य वाचलं आणि सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी ७२ वर्षांची आहे. इचलकरंजीत चौतीस वर्षं शिवणवर्ग चालवला. लेक ह्यूस्टनला आहे, तिच्याकडे आजवर सहा वेळा एकटी गेले. पहिल्यांदा गेले २००९ साली, तेव्हा मी हुबेहूब तेच केलं जे तुमच्या आई करणार म्हणतात. सकाळपासून पाणी नाही, विमानात फक्त दोन घोट, तेही गोळीपुरते. सोळा तासांत एकदाच उठले. डोकं ठणकत होतं, ओठ फुटले, नाकात रक्ताचा कण दिसला. उतरायची वेळ आली तेव्हा पाय चपलेत शिरेनात. पट्ट्याच्या चपला होत्या, नव्या, लेकीकडे जायचं म्हणून हौसेने घेतलेल्या. त्या हातात घेऊन, विमानात दिलेल्या पातळ मोज्यांवर, मी इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभी होते. लेकीने मला पाहिलं आणि तिला रडू आलं. त्या दिवशी ठरवलं की पुन्हा असं जायचं नाही.

त्याचं कारण मला नंतर जावयांनी समजावलं, ते आईंना सांगा. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असतं पण आतली हवा दाबून ठेवतात. तरीही ती सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकीच विरळ राहते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. आईंना म्हणावं, तुम्ही पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसणार आहात, आणि हवा उन्हाळ्यातल्या माणदेशापेक्षा कोरडी. दमटपणा दहा-वीस टक्क्यांवर येतो. श्वासागणिक अंगातलं पाणी जात असतं, घाम न येताच. एसटीत चार तास निभतं ते तिथे पंधरा तास निभत नाही.

पण नुसतं "पाणी पी" म्हणून आई पाणी पिणार नाहीत. मीही प्यायले नसते. भीती पाण्याची नसते, संडासाची असते. दार कसं उघडायचं, आत अडकले तर, तिथे पाणी नसतं म्हणतात, लोक बघतील, शेजारचा वैतागेल. हे सगळं मनात असतं आणि मुलाला सांगता येत नाही. तेव्हा आधी तेवढं नीट समजावून सांगा. तुम्हाला अवघड वाटलं तर बहिणीला सांगायला लावा.

दार मधून दुमडतं, मध्यभागी हात ठेवून आत ढकलायचं. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा मोठा होतो. दिवा मोठा झाला नाही तर कडी लागलेली नाही असं समजावं. खाली कोरडे कागद असतात, धुवायला पाणी नसतं. मी कागदी पेला नेते, बेसिनच्या नळाचं पाणी त्यात घेते. सोबत ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स). ते संडासाच्या भांड्यात टाकायचे नाहीत, भिंतीतल्या कचऱ्याच्या झाकणात टाकायचे. फ्लशचं बटण दाबलं की फार मोठा आवाज होतो, हवा खेचल्यासारखा. पहिल्या वेळी मी दचकून भिंतीला धरलं होतं. तो आवाज यूट्यूबवर आधी ऐकवा. आत जाताना पायात चप्पल-बूट हवेच, फरशी ओली असते. आणि जेवणाच्या ट्रॉल्या फिरायच्या आधी जाऊन यायचं, नंतर रांग लागते आणि वाटही अडते.

आता कपडे, यावर मी अधिकाराने बोलू शकते.

साडी नेसायला काहीच हरकत नाही. मी दर वेळी साडीतच जाते. पण साडी सुती आणि मऊ धुतलेली हवी, रेशमी किंवा खळ केलेली नको. खरी अडचण परकराची. वर गेलं की पोटातला वायू फुगतो. हवेचा दाब जमिनीवरच्या पाऊणपट झाला की तोच वायू सव्वापटीहून जास्त जागा घेतो. वेफर्सचं पाकीट वर गेल्यावर टम्म होतं, तसंच पोटाचं. नाडी सकाळी बसेल तशी घट्ट बांधलेली असते, ती दुपारी कापायला लागते. पहिल्या प्रवासानंतर माझ्या कमरेवर तो वळ चार दिवस होता. म्हणून परकराला नाडीऐवजी दोन बोटं रुंदीचं मऊ इलॅस्टिक घाला, तेही कमरेच्या मापापेक्षा फार कमी न घेता. निऱ्या खोचायला तेवढं पुरतं. ब्लाऊज पुढून हुकांचा आणि एक माप सैल. बाहीत दंड मोकळा हवा.

परकराला आतून उजव्या बाजूला एक चोरखिसा शिवा, चेन लावून. त्यात थोडे डॉलर आणि पासपोर्टची झेरॉक्स. खरा पासपोर्ट तिथे नको, वारंवार काढावा लागतो. त्याला गळ्यात अडकवायची कापडी पिशवी, पदराखाली. मी आठ बाय सहा इंचाची करते, मांजरपाटाची, दोन कप्प्यांची. एकात पासपोर्ट आणि बोर्डिंग पास, दुसऱ्यात एक कागद: मुलीचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीच्या विमानाची तारीख. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. हा कागद जवळ असला की इमिग्रेशनची धाकधूक कमी होते. नाहीतर त्या धाकधुकीनेच झोप लागत नाही.

खायला दशम्या द्या. दुधात मळलेल्या, ज्वारीच्या असल्या तर उत्तम. पूर्वी लोक बैलगाडीतून जाताना न्यायचे ते काही उगाच नाही, पाणी न घातल्यामुळे त्या टिकतात. सोबत शेंगादाण्याची सुकी चटणी, कारण वर नाका-जिभेची चव मंदावते, जेवण फिकं लागतं. मिशिगनकरांनी सांगितलेलं जेवण येईलच, पण पहिलं जेवण आणि दुसरं जेवण यांत सात-आठ तास जाऊ शकतात. साखरेच्या माणसाने तोवर उपाशी राहायचं नाही. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी उसळ, पावटा, चणे, कोबी नको. विमानात फसफसणारं पेयही नको. आणि एक नक्की सांगा: विमानात सफरचंद किंवा केळं दिलं तर ते विमानातच खायचं किंवा तिथेच ठेवायचं. पर्समध्ये ठेवून बाहेर नेलं की अमेरिकेत दंड होऊ शकतो. उरलेल्या दशम्या, चटणी विचारलं तर आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही.

पाय सुजू नयेत म्हणून मी जे करते ते आईंना दोन मिनिटांत येईल. पायमशीन चालवली आहे का त्यांनी कधी? टाच खाली, चवडा वर, मग चवडा खाली, टाच वर. दर तासाला शंभर टाके शिवल्यासारखे पाय चालवायचे. पर्स पायाशी असेल तर ती बाजूला सारून. जागेवर बसून होतं, कुणाला कळतही नाही.

कमरेच्या खोबणीत पंचाची गुंडाळी. मानेची ती घोड्याच्या नालेसारखी उशी मागून लावली की डोकं पुढे ढकललं जातं. मी ती उलटी करून हनुवटीखाली घेते. शाल, पायमोजे, कानाला सुती रुमाल, थंडी चांगलीच असते. पांघरूण घेतल्यावर पट्टा पांघरुणाच्या वरून लावायचा, म्हणजे हवाईसुंदरीला पट्टा दिसतो आणि ती झोपेतून उठवत नाही. विमान उतरायला लागलं की मात्र झोपायचं नाही. साधारण अर्धा तास आधी जाग हवी. लवंग किंवा गोळी चघळत राहावं, आवंढे गिळावेत, नाहीतर कान फार दुखतात.

आणखी पुष्कळ आहे, पण आत्ता एवढंच. शिवायला मदत लागली तर विचारा.

यवतेश्वर | १३ सप्टेंबर, रात्री १०.१५

शिवणवर्ग ताई, तुमचं उत्तर आईला आज मोठ्याने वाचून दाखवलं. संडासाच्या दाराचा परिच्छेद आला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "परत वाच." म्हणजे भीती तिथेच होती. मला तीन आठवड्यांत ते समजलं नव्हतं.

चपला तिच्याही नव्या घेतल्या होत्या. त्या आता घरीच राहतील. एक माप मोठे, कापडी, चिकटपट्टीचे बूट आणले.

दोन गोष्टी अडल्या आहेत. फार्मसीवाला म्हणतो दाबाचे मोजे घ्या, घ्यावेत का? आणि व्हीलचेअर. ती ऐकायलाच तयार नाही. "मी चांगली चालते-फिरते, खुर्चीत बसून लोकांसमोर कशाला मिरवू?" असं तिचं म्हणणं.

भिंगरी | १४ सप्टेंबर, दुपारी २.२०

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मोज्यांबद्दल सांगते.

बराच वेळ गुडघे दुमडून बसलं की पोटरीच्या शिरांत रक्त साचतं आणि क्वचित गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये यावरच्या मोठ्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष दिले. चार तासांहून जास्त प्रवासात धोका साधारण दुपटीने वाढतो असं त्यात दिसलं, पण मुळात तो लहान आहे, सुमारे ६००० जणांत एकाला. विमानाइतकाच तो बस, रेल्वे, मोटारीतल्या बैठकीलाही लागू आहे. म्हणून घाबरायचं नाही, पण हलायचं नक्की.

दाबाचे मोजे गुडघ्याखालचे असतात, घोट्याशी जास्त दाब आणि वर कमी. त्यांनी सूज खरंच कमी होते. पण तुमच्या आईंना मधुमेह आहे, त्यामुळे पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह आणि पायाची संवेदना त्यांच्या डॉक्टरांनी एकदा तपासल्याशिवाय घेऊ नका. डॉक्टर हो म्हणाले तर माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, पाय सुजायच्या आधी. घोटा आणि पोटरी दोन्हीचा घेर. वरची कड गुंडाळली जाता कामा नये, तिथेच आवळतं. घरी दोन-तीन दिवस घालून सवय करा. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि झोपेची गोळी तर पहिल्या प्रवासात नकोच. गोळीने माणूस एकाच बाजूला सहा तास पडून राहतो.

पायमशीनची उपमा मी आता माझ्या पेशंटना सांगणार आहे. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं, त्या हालचालीत नेमकं तेच होतं. गुडघ्यासाठी आणखी एक: उभं राहायच्या आधी बसल्या जागी पाय सरळ करून पाच मोजायचे, दहा वेळा. जखडलेला गुडघा एकदम उचलला की तोल जातो.

प्रवासानंतर एकाच पायाला सूज, दुखणं, लाली, किंवा अचानक धाप, छातीत दुखणं असं काही झालं तर बहिणीने लगेच दवाखाना गाठायचा. हे बहिणीला सांगून ठेवा, आईंना नको.

बेलापूरकर | १४ सप्टेंबर, रात्री ८.५०

व्हीलचेअर घ्याच. मी माझ्या वडिलांच्या बाबतीत त्यांचं ऐकलं होतं आणि तीन तास रांगांत उभं राहून त्यांची तब्येत बिघडली. पुढच्या खेपेला घेतली.

आईंना सांगा की चालता येतं की नाही याचा इथे संबंध नाही. मोठ्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एक किलोमीटर सहज होतं, त्यात सुरक्षा तपासणी, गेट बदलणं, इमिग्रेशन. नोंदणीत 'डब्ल्यूसीएचआर' लिहायला सांगा. याचा अर्थ जिने चढता येतात, विमानात स्वतः चालता येतं, फक्त लांबचं अंतर नको. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. निदान दोन दिवस आधी कळवा आणि दोन्ही विमानांना आहे का ते विचारा.

पण व्हीलचेअर घेतली की काळजी संपली असं समजू नका. एका विमानतळावर, मध्ये बदलताना, वडिलांना एका कोपऱ्यात बसवून माणूस निघून गेला तो दीड तासाने आला. वडिलांना लघवीला जायचं होतं आणि ते कुणाला विचारू शकले नाहीत, कारण सोडून उठलं तर खुर्ची जाईल असं त्यांना वाटलं. ते मला त्यांनी सहा महिन्यांनी सांगितलं. म्हणून आईंना स्पष्ट सांगा: खुर्चीतून उठलं तरी चालतं. माणूस सोडून जायला लागला की "किती वाजता येणार?" हे हिंदीत विचारायचं. दोह्यात हिंदी समजणारे कर्मचारी पुष्कळ आहेत. "पहले टॉयलेट" एवढं म्हटलं तरी नेतात. आणि पासपोर्ट त्याच्या हातात राहू द्यायचा नाही, प्रत्येक काउंटरनंतर परत गळ्यातल्या पिशवीत.

गोळ्यांचं: आईंच्या मनगटावरचं घड्याळ शिकागोला पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. विमान सव्वाचारला सुटणार, म्हणजे सातची रक्तदाबाची गोळी दोह्याच्या आधी, विमानातच येते. साखरेच्या गोळ्या मात्र घड्याळावर नाही, जेवणावर. जेवण उशिरा आलं तर गोळीही उशिरा. डॉक्टरांकडून एका कागदावर हे लिहून घ्या, गोळ्यांची मूळ नावं इंग्रजीत असलेली चिठ्ठी पण घ्या, आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांत, पायाशी ठेवायच्या पर्समध्ये. मोठ्या बॅगेत एकही नको, ती बॅग एखाद दिवस उशिरा येऊ शकते. पॉवर बँकही हातातल्या पर्समध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत सुकं खोबरं पण नको, २०२२ पासून बंदी आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी कुणीतरी देईल आणि बॅग उघडावी लागेल.

आणि तारीख नीट बघा. ४ तारखेला पहाटे सव्वाचार म्हणजे साताऱ्याहून ३ तारखेला निघायचं. माझ्या ओळखीत एका घराने याच्यात विमान चुकवलं आहे.

मिशिगनकर | १४ सप्टेंबर, रात्री ११.३०

झोपेचा हिशोब राहिला होता. दोह्याहून सकाळी निघून शिकागोला त्याच दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला पोचतील. विमान पश्चिमेला जातं त्यामुळे बाहेर सगळा वेळ उजेडच असतो, पण खिडक्या बंद करून अंधार करतात. पोचतील तेव्हा आईंच्या शरीरात रात्रीचे दोन वाजलेले असतील. ३ तारखेला दुपारी दोन तास झोपून मग साताऱ्याहून निघा. त्याऐवजी २ तारखेच्या रात्रीच कुणा नातेवाइकांकडे वाशी-ठाण्यात मुक्काम करता आला तर फारच चांगलं. दुसऱ्या विमानात पहिलं जेवण झालं की डोळ्यांवर पट्टी आणि झोप, पाच तास मिळाले तर पुष्कळ. तिकडे पोचल्यावर रात्री आठ-साडेआठपर्यंत जागं ठेवा, अंगणात उजेडात बसवा. साडेदहा तासांचा फरक आहे, शरीर रोज एक-दीड तास सरकतं, तेव्हा आठवडाभर पहाटे तीनला जाग येईल. बहिणीला म्हणावं, स्वयंपाकघरात चहाचं सामान कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाखव.

शिवणवर्ग | १५ सप्टेंबर, सकाळी ६.१०

यवतेश्वर, हे आईंना वाचून दाखवा. त्यांच्यासाठीच लिहिते.

ताई, मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे म्हणून बोलते. खुर्चीचं मलाही तुमच्यासारखंच वाटायचं. तिसऱ्या खेपेपासून घेते. खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा मला विमानतळ दिसला. त्याआधी फक्त पुढच्या माणसाची पाठ आणि पाट्या दिसायच्या. दोह्यात एक मोठं पिवळं अस्वल आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच, डोक्यातून दिवा निघालेला. ते बघा, नातवंडाला सांगायला होईल.

सीटच्या हातावर किंवा समोरच्या पडद्यावर माणसाचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं की मुलगी येते. एकदा दाबा, दोनदा दाबा, दहादा दाबा. तिचं कामच ते आहे. आपल्याला घरात कुणाकडे पाणी मागायची सवय नाही, आपण सगळ्यांना दिलेलं आहे. तिथे मागायचं. रिकामी बाटली न्या, तपासणी झाल्यावर भरून घ्या, संपली की त्या मुलीच्या हातात द्या. "वॉटर प्लीज" एवढंच. दर तासाला एक भांडं. उठायला लागेल, तर उठायचं. शेजारच्याला "एक्स्क्यूज मी" म्हणायचं आणि उठायचं. कुणीही रागावत नाही, मी सहा वेळा जाऊन आले आहे.

लेक बाळंत होणार आहे. तिच्यासमोर तुम्ही ताज्या उतरायला हव्यात.

यवतेश्वर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आई पोचली.

तुमच्यापैकी प्रत्येकाचं काहीतरी तिच्यासोबत गेलं. डॉक्टरांनी पाय तपासून मोज्यांना परवानगी दिली. परकराला इलॅस्टिक आणि चोरखिसा शेजारच्या काकूंनी ताईंच्या मापाने शिवला. शेवटचे दहा दिवस रोज संध्याकाळी मी आणि ती जेवणाच्या दोन खुर्च्या पुढेमागे लावून बसायचो, ती बटण दाबल्यासारखं करून म्हणायची "वॉटर प्लीज", आणि मी भांडं भरून द्यायचो. आयुष्यात तिने माझ्याकडे पाणी मागितलेलं मला आठवत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका विमानात तिचं शाकाहारी जेवण नोंदलेलं नव्हतं, तेव्हा दशम्या कामी आल्या. उतरताना एक कान बराच दुखला, कारण जागी असूनही लवंगा वरच्या कप्प्यातल्या पिशवीत राहिल्या होत्या. झोप तीनच तास लागली. शेजारी केरळच्या एक नर्स होत्या, त्यांच्याशी हिंदीत गप्पा झाल्या. दोघी मिळून दर तासाला पायमशीन चालवत होत्या.

बहिणीने विमानतळावरूनच व्हिडिओ कॉल केला. आईने आधी कॅमेरा खाली करून पाय दाखवले, बूट घातलेले. मग म्हणाली, "सात वेळा उठले." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला, तिकडच्या, तिचा मेसेज आला: "त्या इचलकरंजीच्या ताईंना विचार, परतीला मार्चमध्ये थंडी असेल तर साडीवर काय घालतात त्या?"